स्पेशल काय घेतलंय?

बीए करणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. "बीएच का?" आणि "स्पेशल काय घेतलंय?" पहिल्याचं उत्तर बारावीच्या मार्कलिस्टवर छापलेलं असतं, त्यामुळे विचारणारा फार ताणत नाही. दुसऱ्याचं मात्र स्वतःच्या तोंडाने द्यावं लागतं, आणि एफवायचा निकाल लागला तरी माझ्याकडे ते नव्हतं.

"अजून ठरवलं नाही" म्हणणाऱ्या पोराकडे आपल्याकडे कावीळ झाल्यासारखं बघतात. प्रत्येकाकडे उतारा तयार असतो. मामा म्हणाले, "भूगोल घे, एमपीएससीला पडतो उपयोगी." काकूंच्या मते इंग्लिश बरं, पुढे मुली बघायच्या वेळी सांगायला चांगलं. शेजारचे रिटायर्ड तलाठी राज्यशास्त्रावर अडून बसले. "पुढारी झालास तर झालास, नाहीतर निदान पेपर तरी कळेल." वडिलांचा सल्ला सर्वांत शहाणपणाचा होता : "घे काहीतरी, पण फॉर्म वेळेत भर."

पुणे विद्यापीठाचा तेव्हाचा पॅटर्न असा, की एफवायला गटांतले विषय घ्यायचे, आणि एसवायला त्यातला एक स्पेशल करायचा. सक्तीचं इंग्रजी, स्पेशलचे तीन पेपर आणि उरलेल्यांपैकी दोन विषय जनरल. म्हणजे एकाशी लग्न आणि दोघांशी ओळख ठेवायची. एरवी घरातलं लग्न ठरवायला दोन वर्षं घेणारी माणसं हे जुलैच्या एका आठवड्यात उरका म्हणतात.

मी एकेक विषय पारखायला निघालो. मराठी बाद झालं, कारण "मराठी काय शिकायचंय, बोलतोसच की," असं घरात सगळे म्हणाले. अर्थशास्त्राने घटत्या सीमांत उपयोगितेपर्यंत मजा आणली. चौथा वडापाव पहिल्याइतका लागत नाही, हे आम्ही कॅन्टीनमध्ये प्रयोगाने सिद्ध केलं होतं. पण पुढे वक्र आले, आणि ते एकमेकांना छेदायला लागल्यावर मी उठलो.

मग तत्त्वज्ञानाच्या सरांनी मला गाठलं. हे प्रकरण नीट सांगायला हवं. यूजीसीच्या नियमाने असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तासांचा वर्कलोड लागतो, आणि स्पेशलला पोरंच आली नाहीत तर तास कुठून आणायचे? त्यामुळे जून-जुलैत कमी गर्दीच्या विषयांचे प्राध्यापक उमेदवारासारखे फिरतात. जी माणसं वर्षभर तुमचं नाव विचारत नाहीत, ती पाठीवर हात ठेवतात. सरांनी मला चहा पाजला, वर क्रीमरोल. मग गंभीरपणे विचारलं, "तुला प्रश्न पडतात का?"

"हो सर. स्पेशल काय घ्यावं, हा पडलाय."

"मग तू आमचाच," सर म्हणाले, आणि न्यायदर्शनाकडे वळले. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान त्यांनी क्रीमरोल संपेपर्यंत इतकं रंगवलं, की माझी सही जवळजवळ झालीच होती.

ती वाचली भूगोलाच्या लॅबमुळे. एका मित्राचं जर्नल द्यायला आत गेलो, तर टेबलावर आमच्याच तालुक्याची टोपोशीट पसरलेली. एकास पन्नास हजार प्रमाणाची. दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी रेघ. मी वाकून गाव शोधलं. लाल ठिपक्यांचा पुंजका, बाजूला देऊळ, विहिरी, आणि खालून गेलेला आमचा ओढा, काळ्या रेघेचा.

"ओढा काळा का?" मी विचारलं.

"पाणी असेल तर निळा. काळा म्हणजे कोरडा," टू-एच पेन्सिलीला टोक करत मित्र म्हणाला.

मी थक्क झालो. आमच्या ओढ्याला पाणी नसतं, हे डेहराडूनच्या सर्व्हे ऑफ इंडियाला माहीत होतं. आमदारांना मात्र ते दर निवडणुकीला नव्याने सांगावं लागायचं. आग आहे की नाही ते नंतर बघू, डोंगर किती उंच आहे हे तरी या लोकांना नक्की ठाऊक होतं.

तरीही ठरलं असं म्हणता येणार नाही. शेवटच्या तारखेला खिडकीशी उभा राहिलो तेव्हा फॉर्मवरचा तो रकाना कोराच होता. आतून भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "भूगोलाच्या प्रॅक्टिकलची बॅच भरायला एक पोरगा कमी पडतोय. लिहू?"

"लिहा," मी म्हणालो. तत्त्वज्ञान जनरलला ठेवलं. क्रीमरोल फेडायचा होता. पुढे प्रत्येक मुलाखतीत मी "लहानपणापासून नकाशांचं वेड" असं ठोकून सांगत आलो, आणि आता ते मला स्वतःलाही आठवायला लागलं आहे.

सध्या पुतणी एफवायला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात स्पेशलचं मेजर झालंय. आधी तीन विषय घ्यायचे, मग त्यातला एक मेजर, एक मायनर, आणि तिसऱ्याला नमस्कार. शिवाय धरसोड करणाऱ्यांची सरकारने फार आस्थेने सोय केली आहे : वर्षात कंटाळलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांत तर डिप्लोमा, तीन वर्षं टिकलात तर डिग्री, आणि चौथंही काढलंत तर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षं खात्यावर राहतात. आमच्या वेळी इतका वेळ फक्त एटीकेटीवाल्यांना मिळायचा.

तिचं सायकॉलॉजी की इकॉनॉमिक्स यावर अडलं आहे. परवा तिने विचारलं, "काका, तुम्ही कसं ठरवलं होतं?" मी सवयीने नकाशांच्या वेडापासून सुरुवात केली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे जागा भूगोलात शिल्लक होती," ती म्हणाली.

सायकॉलॉजीच घेईल असं दिसतंय.