गरम पाणी डावीकडं

पुतण्या प्रशिक्षण घेऊन बिलोलीला आला. विषय होता इमारतींतली उष्णताव्यवस्था आणि नळकाम. आल्या आल्या मला मोरीत नेऊन म्हणाला, "काका, गरम पाण्याची तोटी डावीकडं असते, थंडची उजवीकडं." महिना मे. मी दोन्ही तोट्या सोडल्या. दोन्हींतून सारखंच पोळणारं पाणी आलं. गच्चीवरच्या काळ्या टाकीला कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही, तरी ती दुपारच्या आत काम उरकते. थंड पाण्यानं अंघोळ करायची तर रात्रीच बादली भरून ठेवावी लागते, हे त्याच्या वहीत नव्हतं.

वहीत रेडिएटर होता. खोलीतून जितकी उष्णता बाहेर जाते तितकी मोजून आत पुरवायची, हे त्यानं सूत्रासकट सांगितलं. आमच्या भिंती तेच गणित उलटं सोडवतात: दिवसभर साठवायचं आणि रात्री खाटेवर व्याजासकट परत करायचं. माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून दाखवला. मधून नळी, खाली जाळी, भोवती पाणी. "हा तर फायर-ट्यूब बॉयलर!" पोरगं हरखलं. त्याच्या आजीनं गोवऱ्या घालून तो जन्मभर चालवला. प्रमाणपत्राअभावी बिचारी अकुशल राहिली.

मग पाण्याचा हिशेब निघाला. शहरातल्या घराला माणशी रोज 135 लिटर धरायचे, असं तो शिकलेला. जलजीवनमध्ये खेड्यातल्या माणसाला 55. खेड्यातला माणूस कमी मळतो, असा काही शोध लागला असावा. आणि 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून पाणी आलं ते रेल्वेनं. पाइप संपला की पुढं रूळ जोडायचा. हा सॉकेट मात्र त्याला कुणी दाखवला नव्हता.

शेवटी त्याला धर्माबाद तालुक्यात बाभळीला नेलं. गोदावरीवर बंधारा, 14 दरवाजे, साठा 2.74 टीएमसी. विचारलं, "ही तोटी कधी उघडायची?"

"दाब बघून."

चूक. तारीख बघून. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013च्या निकालानं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे. वर 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं ते वेगळंच.

"पण काका, पावसाळा तर तेवढ्यातच येतो. पाणी तेलंगणात गेल्यावर दरवाजे लावायचे?"

"शाब्बास. आता तू प्लंबर झालास."

त्यानं पिशवीतला पाना काढला, दरवाज्यांकडं पाहिलं, पुन्हा पिशवीत ठेवला.

येताना कुंडलवाडीत चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, पोरगं काय शिकलं? मी सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "देवासारखे आलात बघा. नळाला डायरेक्ट मोटार लावलीय, तरी पाणी ओढंना. शेजाऱ्यानं मोठी लावलीय वाटतं. किती एचपीची घेऊ?"