चौकटीतलं बेट

ग्रीसच्या नकाशात कास्तेलोरिझो शोधायचं तर ग्रीसकडे बघायचंच नाही. कोपऱ्यात एक चौकट आखलेली असते, तिच्यात बघायचं. बेट इतकं पूर्वेला आहे की नकाशा छापणाऱ्यांना बहुधा कागद पुरत नाही. तुर्कस्तान मात्र समोर दोन किलोमीटरांवर. जेमतेम ९ चौरस किलोमीटर जमीन, वस्ती पाचशेच्या आसपास. इथून ऑस्ट्रेलियात गेलेल्यांची नातवंडं-पतवंडंच त्याहून कितीतरी जास्त भरतील.

आमच्या हिने हे बेट ठरवलं ते ‘मेदितेरानेओ’ बघून. १९९१चा हा इटालियन सिनेमा इथेच चित्रित झाला, पुढे त्याला ऑस्करही मिळालं. महायुद्धात बेटावर पाठवलेले मूठभर शिपाई. त्यांचं सैन्य त्यांना चक्क विसरून जातं आणि ते तिथे मजेत राहतात. “अहो, तुमचे ऑफिसवाले तुम्हांला असे कधी विसरणार?” ती म्हणाली.

आखणीचं काम धाकट्या मेहुण्याने अंगावर घेतलं. तो सीए आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही. “दाजी, सोप्पंय. अथेन्स, मग ऱ्होड्स, तिथून बोट.” बोट आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते, हे त्याने दुसऱ्या चहाला सांगितलं. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि तो फार चढला की बंदरावरचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत, हे तिसऱ्या चहाला. तुर्कस्तानातल्या काशहून गेलं तर बोटीने अर्धा तासही लागत नाही. पण मग व्हिसे दोन.

एकाच व्हिशाने आमचा घाम काढला होता. शेंगेन व्हिसा चालतो २९ देशांत, आम्हांला हवा ९ चौरस किलोमीटरांसाठी. जाण्यायेण्याची तिकिटं दाखवा, रात्र न् रात्र कुठे झोपणार ते लिहा, ३०,००० युरोंचा विमा काढा. समुद्राला तारीख मान्य नाही, व्हिसावाल्यांना तारखेशिवाय काही मान्य नाही. वर बँकेचं स्टेटमेंट जोडा.

इथे ही उसळली. २३ एप्रिल २०१० रोजी ग्रीसचे पंतप्रधान पापांद्रेऊ याच बेटाच्या बंदरावर उभे राहिले आणि मागे निळं पाणी, रंगीत घरं असताना टीव्हीवरून सांगते झाले, की देश अडचणीत आहे, युरोपकडे आणि नाणेनिधीकडे हात पसरतोय. “त्यांनी जोडलं होतं का स्टेटमेंट?”

“जोडलं होतं की, ताई,” सीए म्हणाला. “आकडे खोटे निघाले, म्हणून तर ती वेळ आली!”