माडाला किताब पुरे, आता भाट राखा

माड हे झाड आहे की नाही, याचा निकाल गोव्यात कायदा करून लावला गेला. 2016 च्या सुरुवातीला सरकारने 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती केली आणि माडाला झाडाच्या व्याख्येतून काढून टाकले. तो तोडायला परवानगी लागेनाशी झाली.

कारण काय दिले? म्हातारे, रोगट माड काढताना शेतकऱ्याला परवानगीसाठी हेलपाटे पडतात. अडचण खरी होती. मग अशा माडांची परवानगी आठवड्यात द्यायची! त्यासाठी भरल्या पेंडींचे माड उघड्यावर टाकायची काय गरज होती? माड एकदल, त्याला फांद्या नाहीत, असा शास्त्राचा दाखलाही पुढे आला. शास्त्र बरोबरच आहे. पण लोक ज्याच्यावर जगतात ते राखणे हे कायद्याचे काम, आणि गोव्याचे घर माडावर चालते. हुमणाला नारळाचा रस, चुलीला करवंट्या, पावसाळ्यात भिंतीला विणलेल्या चुडतांचा आडोसा, रेंदेराने माडावर चढून काढलेली सूर आणि तिच्यापासून माडाची फेणी.

लोकांनी कडाडून विरोध केला. 2017 मध्ये नव्या सरकारने माडाला पुन्हा झाड मानले आणि राज्यवृक्षाचा मानही दिला. चांगले झाले.

पण मानाने माड जगत नाही. उंच जातीचा माड धरायलाच 6 ते 10 वर्षे घेतो, पुढे 60 वर्षांहून अधिक काळ नारळ देतो. भाटाचे, म्हणजे माडांच्या बागेचे, प्लॉट पाडले की ही सगळी वर्षे एका फटक्यात जातात. माडावर चढून नारळ काढणारा पाडेली मिळत नाही, नारळ वेळेवर उतरत नाहीत, तेव्हा मालकालाही भाट विकावेसे वाटते. झाडाची व्याख्या एकेक माड वाचवील, पण भाटाची जमीनच बदलली तर ती काय वाचवणार?

म्हणून तीन गोष्टी करा. माडांच्या भाटाचे जमीन-रूपांतर थांबवा. एक म्हातारा माड काढला तर तिथे नवा लावला की नाही, हे जागेवर जाऊन पाहा. पाडेल्याला विमा आणि पोटापुरती मजुरी द्या.

आणि गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा: आपल्या गावातली किती भाटे यंदा प्लॉट झाली? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.