बकलातला चुरा

गाडीतली बालसीट स्वच्छ कशी ठेवावी, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: फार स्वच्छ ठेवूच नये. गेवराईत या मताला अजून अनुयायी मिळालेले नाहीत. पण सीटसोबत येणारी पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारी माणसं तालुक्यात विरळ असल्यामुळे या विषयातला तज्ज्ञ मीच, असं मानायला मला कुणाची परवानगी लागत नाही. माझा सिद्धांत असा, की बालसीटवरचा मळ हा ती वापरात असल्याचा एकमेव भरवशाचा पुरावा आहे. जी सीट वॉशिंग सेंटरवरून चकाचक होऊन येते, जिच्या पट्ट्यांची दुकानातली घडी मोडलेली नाही आणि जिच्या डोक्याकडचं पारदर्शक प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, तिच्यात लेकरू बसत नाही. ते आजीच्या मांडीवर बसतं, नाहीतर पुढच्या दोन सीटांच्या मधे उभं राहून बापाच्या गिअर टाकण्यावर देखरेख करतं. बालसीट मात्र शेजारी नीट पट्टा लावून बसलेली असते.

मग आपण ती एवढी पुसतो कशासाठी? दाखवण्यासाठी. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालणारी आणि सोफ्यावर चादर, चादरीवर टॉवेल अंथरणारी आपली जात. आलेल्या वस्तूचं रक्षण करण्यात आपला हात कुणी धरणार नाही. लेकराच्या रक्षणासाठी आणलेल्या वस्तूचं लेकरापासून रक्षण करणं ही त्याचीच पुढची पायरी. यात मीही आलो. चारचौघांत ‘आयसोफिक्स’ म्हणता येण्यातलं सुख मला चांगलं ठाऊक आहे. समोरच्याला तो शब्द कळला नाही, तर ते सुख दुप्पट होतं.

मळाचं शास्त्र इथे जरा सविस्तर सांगतो, कारण एरवी ते कुणी ऐकून घेत नाही. मुरमुरा निरुपद्रवी, सीट उलटी करून दोन थापा मारल्या की पडतो. खारीचे पापुद्रे शिवणीत शिरतात, पण तिथेच गप्प राहतात. पार्ले-जी कोरडा असेपर्यंत सज्जन. लाळ लागली की डेंटिंगवाला पत्र्याच्या खड्ड्यात भरतो त्या लांबीसारखा घट्ट बसतो. मोसंबी आमच्या भागातली, तिला नाव ठेवायचं जिवावर येतं. पण रस वाळला की चिकट होतो, त्यावर काळ्या रानाची धूळ बसते, आणि वेचणीच्या दिवसांत त्याच धुळीवर कापसाचे तंतू येऊन बसतात. वेल्क्रोत अडकलेला कापूस तर चिमट्यानेच उपटावा लागतो. सगळ्यांत कपटी राजगिऱ्याचा लाडू. त्याचा दाणा बकलाच्या फटीतून आत जातो आणि पट्ट्याची जीभ पुरती बसू देत नाही. पट्टा लागल्यासारखा दिसतो, ‘टक्’ मात्र होत नाही. माझ्या सिद्धांतातून हा एवढा मळ वगळलेला आहे. कव्हरवरचा डाग फार तर पाहुण्यांसमोर खजील करेल, बकलातला चुरा घात करेल. आणि आपण रगडून काढतो तो डाग.

पुस्तिका याबाबतीत माझ्या बाजूची आहे. कव्हर काढून सांगितल्याप्रमाणे धुवा. पट्टे मात्र मशीनमध्ये टाकू नका, त्यांना ब्लीच लावू नका, प्रेशरच्या पाण्याखाली धरू नका. विणलेल्या पट्ट्याची सगळी ताकद धाग्यात असते. तीव्र रसायनाने ती उतरते आणि वरून काही दिसत नाही. सौम्य साबणाचं ओलं फडकं फिरवून सावलीत वाळवायचं. बक्कल कोमट पाण्याने खळबळून घ्यायचं, त्यात तेल सोडायचं नाही, कारण तेलाला धूळ धरते. हे सगळं तांब्याभर पाण्यात होतं. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यासाठीच कुणीतरी हे लिहिलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

आजीचा आक्षेप याहून जुना आहे. “लेकराला जनावरासारखं बांधून काय ठेवता? माझ्या मांडीवर काय होतंय त्याला?” गणित असं, की दहा किलोचं लेकरू, ताशी 50 किलोमीटरचा वेग आणि गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर हातांवर सुमारे 140 किलोचा ओढा येतो. आयुष्यभर विहिरीचं पाणी शेंदलेल्या हातांनाही तो झेपायचा नाही. दुसरा आक्षेप, लहानग्याचं तोंड मागे का? स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी 1960 च्या दशकात जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून ही उलटी सीट बेतली. आघात मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरावा, हा हिशोब. अंतराळवीराची आजी सोबत नव्हती, म्हणून त्यांना जमलं.

तिसरा आक्षेप, हे सगळे शहरी लाड आहेत. इथे मात्र माझा आवाज चढतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 194-ब सांगतं, की 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेलं तर 1,000 रुपये दंड. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याच तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पेट्या, धान्याची पोती, आणि त्या सगळ्यावर बाया न् लेकरं. पोती दोरीने आवळलेली असतात. लेकरांना आईचा हात. मुकादमाच्या उचलीचा हिशोब कोयत्यावर होतो, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. लेकराचा त्यात आकडाच नाही. त्या आईला कलम ऐकवण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच महामार्गावर त्या ट्रॉलीला मागे टाकून जाणारी आपली गाडी, तिच्यात मांडीवरचं लेकरू आणि शेजारी रिकामी बालसीट, हा लाड नाही, माज आहे. पाडळसिंगीचा टोलनाका दिसला की आपण स्वतःचा पट्टा ओढतो, तोही कॅमेऱ्यासाठी.

आता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मीच घेतो: मळ हाच पुरावा ठरला तर लोक मळही बनावट करतील. बिस्किटाचा पुडा चुरून कव्हरवर पसरायला कितीसा वेळ लागतो? पण जाणकार फसणार नाही. त्याने सीट उचलून खाली पाहावं. रोजच्या वजनाने गाडीच्या गादीत खळगे पडलेले असतात. खांद्याचा पट्टा जिथून ओवलेला असतो, तिथली त्याची किनार घासून मऊ झालेली असते, आणि पायांसमोरच्या सीटच्या पाठीवर इवल्या बुटांचे ठसे एकावर एक उमटलेले असतात. हे सगळं खोटं उभं करायचं तर रोज दहा किलोचं पोतं चपला घालून फिरवावं लागेल. तेही ज्यांना जमेल, त्यांनी निदान पोत्याचा पट्टा तरी ‘टक्’ होईपर्यंत दाबावा.