पाटी आधी, पाणी मागून

पवार राजांच्या काळापासून धारला राहिलेल्या मराठी घरात मुलगा 'उपयंत्री', म्हणजे सरकारी कनिष्ठ अभियंता, झाला की पेढे वाटले जातात. त्यातून काम आरोग्य केंद्रांच्या बांधकामाचं, नर्मदाकाठच्या धरमपुरीकडे! आई म्हणते, "पुण्याचं काम रे बाळा." बाबा विचारतात, "पेन्शनचं काय?" मध्य प्रदेशात 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणजे उरलं पुण्यच.

पहिल्या आठवड्यात चिरंजीव निकष पाठ करतात: आदिवासी भागात 3,000 लोकांमागे उपकेंद्र, 20,000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, 80,000 मागे सामुदायिक केंद्र. दुसऱ्या आठवड्यात कळतं, फायलीत सगळ्यात जलद पुढे सरकते ती पाटी. 2023 साली 'हेल्थ अँड वेलनेस सेंटर'चं 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं, खाली 'आरोग्यं परमं धनम्' आलं, भिंतींचा रंगही ठरला. मंदिर म्हटलं की कळसाची घाई आलीच. पाया आणि पाइप मागून येतातच की!

तेव्हा साहेब, अहवालात 'शंभर टक्के पूर्ण' लिहाल, सहीही झोकात ठोकाल. त्याआधी एवढंच करा: प्रसूतिकक्षात जा आणि नळ सोडून बघा.