अमेरिका, व्हाया मिरज

प्रवासवर्णनाचा आरंभ लेखकाने आगगाडी, आगबोट अथवा विमान यांपैकी कशात तरी पाऊल टाकून करावा, असा आपल्या वाङ्मयातील शिष्टसंमत प्रघात आहे. परंतु जो प्रवास मी येथे कथन करणार आहे त्याचा आरंभ आमच्या आक्काने न्यू जर्सीत एका लखोट्यास तिकीट चिकटवून केला, आणि त्यातील मुख्य मुक्काम मिरज, आमच्या गावची नगरपालिका, पोलीस चौकी व सरतेशेवटी वांद्रे असे असल्यामुळे, हिमशिखरांच्या आशेने पान उलटणाऱ्या वाचकाचा थोडा हिरमोड होण्याचा संभव आहे.

आक्का माझ्याहून आठ वर्षांनी वडील. लग्न होऊन ती अमेरिकेस गेली, यथावकाश तेथील नागरिक झाली, आणि आई निवर्तल्यावर एका रात्री तिने फोनवरून मला विचारले, “आता तुला तिथे आहे कोण?” वास्तविक मला येथे धर्मपत्नी, नववीत शिकणारा चिरंजीव, त्याची धाकटी बहीण, तहसील कचेरीतील कारकुनी आणि परसातल्या भिंतीवरून शेजाऱ्याशी चाललेला दिवाणी दावा एवढा भरगच्च परिवार होता, पण बहिणीच्या नजरेआड राहणारा भाऊ हा निराधारच होय, असे आक्काचे मत असल्याने तिने मला न विचारता माझ्या नावाचा अर्ज तेथील सरकारकडे गुदरून टाकला.

ज्या कायद्याच्या आधारे हा अर्ज झाला त्याची कुळकथा सांगण्याजोगी आहे. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानासह आशिया खंडाच्या मोठ्या भागास दार लावून घेतले होते. १९४६ साली ते किलकिले करून साऱ्या हिंदुस्थानास वर्षाकाठी १०० असामींचा वाटा तोडून दिला. आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी बसून ज्या कायद्यावर सही केली, त्यात मायदेशापेक्षा नात्याला मान मिळाला. नात्याला हे अग्रस्थान मिळावे म्हणून हट्ट धरून बसले होते ते ओहायोचे प्रतिनिधी मायकेल फीगन, आणि त्यामागील त्यांचा हिशेब सरळ होता: अमेरिकेत आधीपासून राहणारे लोक बहुतेक युरोपीय वंशाचे, तेव्हा नातलगांना बोलावण्याची मुभा दिली की येतील तेही त्याच वंशाचे. हिशेबात चूक अशी नव्हती. एकच गोष्ट त्या सद्गृहस्थास ठाऊक नसावी. ती ही, की पृथ्वीच्या पाठीवर असाही एक देश आहे जेथे लग्नपत्रिकेवर निमंत्रकांची नावे छापण्यास कागद पुरत नाही. चुलत, मामे, आते व मावस भावंडांस त्या कायद्यात थारा नाही, हे त्या राष्ट्राचे सुदैवच म्हटले पाहिजे.

सख्ख्या भावंडांसाठी मात्र साऱ्या जगास मिळून वर्षाला ६५,००० जागा, आणि कोणत्याही एका देशास एकंदर जागांच्या शेकडा सातांहून अधिक द्यावयाच्या नाहीत असा दंडक. त्यामुळे आपल्याकडे हल्ली बोलावणे येत आहे ते २००६ च्या आसपास अर्ज केलेल्यांना. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली हे सांगणारे पत्रक तेथील परराष्ट्र खाते दरमहा काढते, आणि आमच्या घरी ते पंचांगाइतक्याच श्रद्धेने वाचले जाई. कारण पंचांगातल्या ग्रहांप्रमाणे त्यातील तारीखही मधूनच वक्री होते, आणि जी गेल्या महिन्यात पुढे सरकली ती या महिन्यात मागे जाऊन बसलेली आढळते.

पण ही पुढची गोष्ट. आरंभीच आक्काच्या वकिलाने असा पेच टाकला की, अर्जदार बाई आणि हे गृहस्थ यांची निदान एक तरी आई किंवा एक तरी बाप समाईक आहे, हे कागदोपत्री सिद्ध व्हावे. लहानपणी आंब्याच्या कोयीवरून ज्या बहिणीचा मी चावा घेतला आणि जिने मला उलट विहिरीत ढकलण्याची धमकी दिली, तिचे माझे नाते सिद्ध करण्यास तेवढे साक्षीपुरावे पुरे झाले असते. परंतु चाव्याचा दाखला कोणतीही कचेरी देत नाही. सबब मी मिरजेस गेलो, कारण पहिले बाळंतपण माहेरी या शिरस्त्यानुसार आक्का १९५२ साली मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात जन्मली होती. हा दवाखाना अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला; म्हणजे आक्कावर अमेरिकेचा हक्क जन्मापासूनच पोहोचत होता असे म्हणावयास हरकत नाही.

मिरज हे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या कबरीचे आणि सतारी-तंबोरे करणाऱ्या कारागिरांचे गाव. सतारमेकर गल्लीतून जाताना एका ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ वाळलेला भोपळा उलटासुलटा करून त्यावर टिचकी मारीत होता, ऐकत होता, मान हलवीत होता आणि पुन्हा टिचकी मारीत होता. त्या भोपळ्याची जेवढी कसून तपासणी चालली होती तेवढी आपली पुढे होणार आहे याची मला त्या वेळी वार्ता नव्हती. कचेरीत पोहोचल्यावर तेथील कारकुनाने, तीही माझ्याच जातकुळीची असामी निघाल्यामुळे, मला खुर्ची दिली, जाड पुठ्ठ्याचे जन्माचे रजिस्टर काढून त्यावरची धूळ फडक्याने पुसली, आणि बोरूने लिहिलेल्या वळणदार मोडी-मिश्रित बाळबोधीवरून बोट फिरवीत अखेर ते एका ओळीवर आणून ठेवले. मुलगी, जिवंत; बापाचे नाव बरोबर; आईचे नाव, द्वारका.

आमच्या आईचे नाव सरस्वती.

कचेरीचा यात तिळमात्र दोष नव्हता. वर्दी देण्यास आजोबा गेले होते, आणि आपल्या लेकीचे नाव त्यांनी आपण ठेवलेले तेच सांगितले. सासरी लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीने कोणते नाव कोरले गेले याची दखल त्यांनी आठ वर्षांत घेतली नव्हती, व पुढेही कधी घेतली नाही. इकडे माझा जन्म आमच्या गावी घरातच झालेला, त्याची नोंदच नाही. तेव्हा नगरपालिकेकडून ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला मिळवावयाचा. जी वस्तू नाही ती नसल्याचा कागद मिळविण्यास, असलेल्या वस्तूच्या कागदाहून अधिक खेपा घालाव्या लागतात, हे महसूल खात्यात उमेदवारी केलेल्या माणसास तरी नवे नव्हते. नोंदीअभावी वडीलधाऱ्या आप्तांची प्रतिज्ञापत्रे जोडण्याची सवलत आहे, व त्या प्रतिज्ञापत्रांत माझ्या आईचे नाव अर्थातच सरस्वती येणार. तात्पर्य, आक्का द्वारकेची, मी सरस्वतीचा. आणि बापाच्या चारित्र्याविषयी परदेशात भलतीच शंका निघण्याची वेळ आली.

तेव्हा कुळात हयात असलेला एकमेव ऐतिहासिक दस्तऐवज, म्हणजे आमची मिरजेची मावशी, रिक्षात घालून नोटरीपुढे हजर केला.

“आजी, तुम्ही या दोघा भावंडांना ओळखता?” नोटरीने विचारले.

“ओळखते म्हणजे? हा बाळ्या पानशेत फुटलं त्या साली रांगत होता. रांगत रांगत माझ्या वाळत घातलेल्या पापडांवरून गेला. मेल्यानं एक पापड शिल्लक ठेवला नाही.”

“मग द्वारका कोण?”

“माझी थोरली बहीण.”

“आणि सरस्वती?”

“तीच की! सासरी गेल्यावर झाली सरस्वती. माझंही बदललं. तुमच्या बायकोचं नाही का बदललं?”

नोटरीने घसा साफ केला, आणि ‘सदर द्वारका व सदर सरस्वती या दोन्ही एकच व्यक्ती असून’ असा मजकूर टंकलेखकास सांगितला. पापडांचा उल्लेखही घालावा असा मावशीचा आग्रह होता. तो मी मोठ्या मुष्किलीने मोडून काढला.

त्यानंतर जी वर्षे गेली त्यांत सांगण्यासारखे काही नाही. मी निवृत्त झालो आणि भिंतीचा दावा वरच्या कोर्टात गेला. पुढे एके दिवशी पत्रकातील तारखेने आमची तारीख ओलांडली, आणि पुन्हा फॉर्म आले. त्यातील एका रकान्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून आपण जेथे जेथे वास्तव्य केले ते सर्व पत्ते मागितले होते. ज्याची नोकरी कराड, पाटण, माण, खटाव अशी बदल्यांच्या वाऱ्यावर गेली, त्याने खटावच्या ज्या खोलीस घरमालकानेही कधी क्रमांक दिला नाही तिचा पत्ता कसा द्यावा? पुढे प्रश्न होते: आपण हेरगिरी करण्यासाठी येत आहात काय? वंशसंहारात भाग घेतला आहे काय? लहान मुलांना सैन्यात भरती केले आहे काय? ‘नाही’, ‘नाही’ असे लिहीत असता चष्मा लावून शेजारी बसलेल्या कुटुंबाने एका प्रश्नावर बोट ठेवले: बहुपत्नीत्वाचे आचरण करण्यासाठी आपण येत आहात काय? “याचं उत्तर जरा मोठ्यानं वाचा,” ती म्हणाली.

भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी घालण्याचा जो धर्म मी मनिऑर्डरीने का होईना पाळीत आलो, तोही या प्रकरणात उलटा झाला. बोलावणाऱ्याने आपले उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असल्याचे दाखवून, आलेला मनुष्य सरकारवर भार होणार नाही, असा जामीन लिहून द्यावा लागतो. आणि तो मनुष्य तेथील नागरिक होईपर्यंत, किंवा सुमारे दहा वर्षांचे काम त्याच्या नावावर जमेपर्यंत, किंवा देश वा देह सोडीपर्यंत, हा जामीन सुटत नाही. पंचाहत्तरीच्या घरात असलेल्या आक्काने त्यावर सही केली आणि फोनवर म्हणाली, “आता नीट वाग.”

पोलिसांच्या दाखल्यासाठी चौकीवरचा हवालदार शेजारीपाजारी चौकशीस आला तेव्हा मी धास्तावलो, कारण पहिला शेजारी म्हणजे भिंतीचा वादी. परंतु त्या गृहस्थाने माझ्या सद्वर्तनाचे, निर्व्यसनीपणाचे आणि परोपकारी वृत्तीचे असे रसाळ वर्णन केले की हवालदारही गहिवरला. मी कधी जाणार, एवढेच त्याने निरोप देताना दोनदा विचारून घेतले. नेमून दिलेल्या डॉक्टरकडे छातीचा फोटो निघाला, रक्त गेले, आणि लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या काय, अशी पृच्छा झाली. त्याला पुन्हा मावशीची साक्ष लागती, पण ती आता या जगात नव्हती. म्हणून मी दंड पुढे केला व सुई टोचून घेतली.

वांद्र्याचा मुक्काम सर्वांत शेवटचा. पूर्वी मुंबईतील अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीस, वांकानेरच्या महाराजांच्या समुद्रकाठच्या वाड्यात होती. २०११ साली ती मिठी नदीच्या काठच्या दलदलीवर उभारलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात आली. आत पिशवी नाही, मोबाइल नाही. बाहेर ते सांभाळून पैसे घेणारे मात्र पुष्कळ. रांगेत माझ्यापुढे एक वृद्ध गुजराती जोडपे होते, आणि त्यातील बाई आपल्या लग्नाच्या आल्बममधील एक एक फोटो नवऱ्याकडून पाठ करून घेत होती: “आ कोण?” आणि तो बिचारा दरवेळी “तारो भाई” असेच उत्तर देत होता.

खिडकीपलीकडच्या तरुण अधिकारीणबाईने हात वर करवून शपथ घेवविली, आणि दुभाष्यामार्फत विचारले, “आपल्या आईचे नाव?”

“द्वारका. आणि सरस्वती,” मी म्हणालो.

तिने मावशीचे प्रतिज्ञापत्र वाचले, दुभाष्याकडे पाहिले, त्याने तिला इंग्रजीत तांदूळ, अंगठी असे काहीसे समजावले, आणि ती हसली. “तेथे जाऊन आपण काय करणार?”

“आक्का सांगेल ते.”

याहून खरे उत्तर त्या खिडकीवर त्या दिवशी कोणी दिले नसेल. व्हिसा मंजूर झाला. माझा आणि कुटुंबाचा. चिरंजीवाचा नाही, त्याच्या बहिणीचाही नाही. अर्ज झाला तेव्हा नववीत असलेला मुलगा आता घराच्या कर्जाचे हप्ते भरतो; त्या कायद्याच्या लेखी एकवीस वर्षांपलीकडचे अपत्य आईबापांच्या कुटुंबात मोडत नाही, आणि अर्ज मंजुरीस लागलेला अवधी वयातून वजा करण्याची २००२ पासूनची सवलतही एवढी लांबलचक रांग भरून काढू शकत नाही. म्हणजे कुटुंबाचे पुनर्मीलन व्हावे म्हणून केलेल्या या व्यवस्थेत साठी उलटलेल्या भावास बहिणीकडे पोचविण्यासाठी त्याला मुलानातवंडांपासून उचलण्यात येते, आणि यालाच तेथे कुटुंबवत्सल धोरण म्हणतात. मला ते वाईट वाटत नाही असे नाही. आक्काला हे बोलून दाखविले तेव्हा तिने लगेच तोड काढली, की मी नागरिक व्हावे आणि मुलांसाठी अर्ज करावा. तेव्हा माझे वय काय असेल याचा हिशेब तिने केला नाही.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आपल्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव घालणे सक्तीचे केले आहे, तेव्हा त्या बालकांची चिंता नको. त्याआधी जन्मलेल्या, आणि बहीण वा भाऊ परदेशी असलेल्या वाचकांनी मात्र हा मजकूर खाली ठेवताच कपाट उघडून दोघांच्या दाखल्यांवर आईचे नाव एकच आहे की नाही ते पाहून घ्यावे. आणि नसल्यास, मावशी हयात आहे तोवर नोटरी गाठावा.