एका खुर्चीचे वीस वारस

प्रति,
समस्त गाइड सर आणि मॅडम,
विज्ञान शाखा, सर्व विद्यापीठे व प्रयोगशाळा.

विषय : पीएच.डी. पूर्ण करून दिल्याबद्दल आभार आणि ‘पुढे काय’ या किरकोळ बाबीसंबंधी.

आदरणीय सर,

शिरसाष्टांग नमस्कार. व्हायवा झाला, पेढे वाटून झाले, तुमच्यासोबत फोटोही निघाला. आता पुढे काय, हे विचारायला केबिनपाशी आलो, तर तुम्ही नव्या बॅचच्या मुलाखती घेत होतात. म्हणून हे खुले पत्र.

तुम्ही आम्हाला काय शिकवले नाही! कॉलम लावायला, एनएमआर वाचायला, रेफरीच्या शेऱ्यांवर अदबीने भांडायला शिकवले. करिअरचे मार्गदर्शनही केलेत : “चांगले पेपर काढ, बाकीचे होते.” पाच शब्दांत आयुष्य मार्गी लावणे थोर माणसांनाच जमते.

अंकगणित तेवढे राहून गेले. यूजीसीच्या नियमाने प्रोफेसरांना एका वेळी 8, असोसिएट प्रोफेसरांना 6 आणि असिस्टंट प्रोफेसरांना 4 संशोधक विद्यार्थी घेता येतात. समजा, साऱ्या नोकरीत तुम्ही वीस जणांना डॉक्टर केलेत. तुम्ही निवृत्त झालात की खुर्ची मोकळी होणार एक. तीसुद्धा पदभरतीला ‘ना हरकत’ मिळाली आणि बिंदुनामावली जुळली तर. उरलेल्या एकोणीस जणांची सोय बहुधा थिसिसमधल्या ‘फ्युचर स्कोप’मध्ये होत असावी.

त्यात यूजीसीचा विनोद वेगळाच. विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर व्हायला पीएच.डी. सक्तीची, असे 2018 मध्ये ठरले. मुदत पुढे सरकली आणि जुलै 2023 मध्ये सक्तीच उठली. नेट-सेट पुरे झाले. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर (सीएचबी) जावे, तर मानधन घड्याळी तासावर. मे महिन्यात ते घड्याळ बंद असते, पोट मात्र चालूच.

“पोस्टडॉक कर,” असे तुम्ही म्हणालच. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला वयाची अट 35 वर्षांची आणि मुदत 2 वर्षांची. ती संपली की दुसरी शोधायची, मग परदेशात तिसरी. तोवर घरचे विचारणे सोडून देतात, ही त्यातली जमेची बाजू. औषध कंपनीत गेलो, तर एम.एस्सी.नंतर थेट नोकरीला लागलेली, आम्हाला ज्युनिअर असलेली मुलगी टेबलापलीकडे बसून विचारते, “जीएमपी कितपत येते?” तिच्याकडे पाच वर्षांचा अनुभव असतो, आमच्याकडे पाच वर्षांची फेलोशिप.

वाटा नाहीत असे नाही. पेटंट कार्यालयाची शाखा मुंबईतच आहे. तिथल्या परीक्षकांना विज्ञान कळावे लागते आणि पेटंटचे मसुदे लिहिणाऱ्या फर्मनाही अशी माणसे लागतात. पुण्यात एनसीएलच्या व्हेंचर सेंटरमध्ये संशोधकांचे स्टार्टअप उभे राहतात. केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेच्या ‘बिग’ योजनेत नुसती कल्पना तपासून पाहायला 50 लाखांपर्यंत अनुदान आहे. क्लिनिकल ट्रायल, औषधांच्या मंजुरीची कागदपत्रे, विज्ञानपत्रकारिता, शाळांसाठी पाठ्यपुस्तके ही कामेही कोणीतरी करतेच. पण तिकडे वळलेल्याचे नाव निघाले की लॅबमध्ये आवाज खाली येतो : “त्याने लाइन सोडली.” लाइनीत उभे असलेल्यांना कधी विचारलेत, ती पुढे सरकते का?

नोकरी मागत नाही, सर. ती तुमच्या हातात नाही, हे ठाऊक आहे. मागणी एका कागदाची आहे. लॅबच्या दारावर तुमच्या पेपरांची यादी लावलेली असते. तिच्या शेजारी दुसरी लावा : तुमचे आजवरचे विद्यार्थी आज काय करतात. प्राध्यापक झालेले, कंपनीत गेलेले, सीएचबीवर झिजणारे, क्लास काढलेले, पीएच.डी. अर्धवट सोडलेले, घरी बसलेले, सगळे त्यात येऊ द्या. नव्या उमेदवाराने ती आधी वाचावी, मग अर्ज भरावा. फसलेला प्रयोगही तारीख घालून नोंदवहीत लिहायचा, हे आम्ही तुमच्याकडेच शिकलो. सोयीचे तेवढे निकाल दाखवले तर रेफरी पेपर परत पाठवतो. मग विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियम वेगळा का असावा?

कळावे, लोभ असावा.

आपला,
त्या यादीत कुठल्याही रकान्यात बसायला तयार असलेला
एक विद्यार्थी